वैद्याने वैद्याला विचारावे



वैद्याच्या आयुष्यातला सर्वांत कठीण क्षण कोणता, असे विचारले तर आपण बहुधा म्हणाल, रोगी दगावतो तो. मला तसे वाटत नाही. रोगी दगावला म्हणजे निदान निकाल तरी लागलेला असतो. त्याहून अवघड क्षण वेगळाच. रोगी जिवंत आहे, घरची मंडळी वैद्याच्या तोंडाकडे पाहत आहेत, ठाऊक असलेले सारे उपाय करून झाले आहेत, आणि रोग जागचा हलत नाही! अशा वेळी वैद्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, तेच औषध वेगळ्या बाटलीतून देत राहणे. दुसरी, दैवावर हवाला टाकून हळूच अंग काढून घेणे. आणि तिसरी, दुसऱ्या एखाद्या वैद्याला बोलावून, ‘गड्या, माझी मती येथे कुंठित झाली, तुला काही सुचते का पाहा,’ असे म्हणणे. ही तिसरी वाट दिसायला सोपी, पण चालायला फार अवघड. कारण त्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी आपली प्रतिष्ठा उंबऱ्याबाहेर काढून ठेवावी लागते.

आज मी आपणांस अशाच एका प्रसंगाची हकीगत सांगणार आहे. प्रसंग इंग्लंडातला आहे, १७७६ सालच्या जुलै महिन्यातला. नामांकित वैद्य एका बाईवर उपचार करीत होता, उपाय चालेना, म्हणून त्याने आपल्याहून वयाने लहान असलेल्या दुसऱ्या वैद्याचा सल्ला घेतला. एवढीच गोष्ट. पण त्या सल्ल्यातून हृदयविकारावरचे एक मोठे औषध शास्त्राच्या दरबारात उभे राहिले. आणि त्याच सल्ल्यावरून पुढे दोघांचे असे बिनसले, की त्याचा निवाडा करणारे लेख अजूनही लिहिले जातात.

प्रथम त्या काळची वैद्यकी कशी होती, हे थोडे ध्यानात घेतले पाहिजे. अठराव्या शतकातल्या वैद्याजवळ साधने म्हणाल तर त्याचे पाच ज्ञानेंद्रिये आणि खिशातले घड्याळ. छातीला लावायची नळी लेनेक नावाच्या फ्रेंच वैद्याने काढली ती १८१६ साली. रक्त तपासणे नाही, क्ष-किरण नाहीत, रक्तदाब मोजण्याचे यंत्र नाही. वैद्याने नाडी पाहावी, जीभ पाहावी, लघवीचा रंग पाहावा, आणि मुख्य म्हणजे रोग्याची कहाणी ऐकावी. कहाणी हेच निदानाचे मुख्य साधन असल्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट शक्य होत असे. रोग्याला न पाहताही सल्ला देता येई! एडिंबरोचा प्राध्यापक विल्यम कलन हा त्या काळचा वैद्यकातला मोठा आचार्य. त्याच्याकडे दूरदूरच्या गावांहून पत्रे येत; कधी खुद्द रोग्याची, कधी नातेवाइकांची, आणि पुष्कळदा गावच्या डॉक्टरची. त्यात लिहिलेले असे, की अमुक वयाचा रोगी आहे, रोग अमुक महिन्यांचा आहे, मी हे दिले, ते दिले, रक्त काढले, जुलाब दिले, गुण नाही. तरी आपले मत कळवावे. कलन सविस्तर उत्तर लिही आणि आपल्या उत्तराची प्रतही ठेवी. जेम्स वॉटने, म्हणजे वाफेच्या यंत्रासाठी आपण ज्याला ओळखतो त्याच वॉटने, पत्राची नक्कल उतरवून घेण्याचे एक यंत्र काढले होते, ते कलनने १७८१ पासून वापरावयास घेतले. त्यामुळे ही हजारो पत्रे एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशिअन्सच्या दप्तरात आजही सुरक्षित आहेत. १७८४ साली प्रसिद्ध कोशकार डॉक्टर जॉन्सन दम्याने आणि अंगात पाणी होण्याने बेजार झाला, तेव्हा त्याचा चरित्रकार बॉझवेल ह्याने एडिंबरोस कलन, होप आणि मन्रो ह्या तिघा प्राध्यापकांना अशीच पत्रे घातली होती. तेव्हा विचारणे ही गोष्ट त्या काळी अप्रतिष्ठेची नव्हती. ती रीतच होती. मात्र पत्राने विचारणे निराळे, आणि रोग्याच्या पलंगाशेजारी, घरच्या माणसांदेखत, बरोबरीच्या माणसाला विचारणे निराळे.

आता आपल्या कथेतील दोन पुरुषांची ओळख करून घेऊ.

पहिला एरॅस्मस डार्विन. उत्क्रांतिवादाचा प्रणेता चार्ल्स डार्विन ह्याचा हा आजोबा. जन्म १७३१ चा. लिचफील्ड ह्या गावी ह्याचा दवाखाना. अंगाने स्थूल, बोलताना अडखळणारा, पण बुद्धीने अत्यंत चपळ. हा वैद्य होता, कवी होता, यंत्रांची कल्पक आरेखने काढणारा होता. घोड्यांच्या गाडीत बसून तो गावोगावचे रोगी पाहत हिंडे. मध्य इंग्लंडात त्याच्या शब्दाला मोठे वजन होते.

दुसरा विल्यम विदरिंग. जन्म १७४१ चा. म्हणजे डार्विनहून सुमारे दहा वर्षांनी लहान. एडिंबरोस शिकला आणि स्टॅफर्ड येथे वैद्यकी करू लागला. विद्यार्थी असताना ह्या गृहस्थाला वनस्पतिशास्त्राचा मनापासून कंटाळा होता. पण स्टॅफर्डला त्याची एका तरुणीशी ओळख झाली. तिला फुलांची चित्रे काढण्याचा नाद, आणि तिच्यासाठी रानावनांतून फुले गोळा करून आणण्याचे काम ह्याच्याकडे आले. गुरूंना जे साधले नाही ते तिने साधले! पुढे तिच्याशीच त्याचे लग्न झाले, आणि १७७६ साली ब्रिटनमधील वनस्पतींवरचा एक मोठा ग्रंथ त्याच्या नावावर प्रसिद्ध झाला. १७७५ साली बर्मिंगहॅमचा डॉक्टर स्मॉल वारला. तेव्हा ती जागा मोकळी झाली आहे, तू इकडे ये, असे विदरिंगला सुचविणारा डार्विनच होता. बर्मिंगहॅमच्या आसपास वॉट, बोल्टन, वेजवुड, प्रीस्ट्ली अशा शोधक माणसांचे एक मित्रमंडळ जमले होते. पौर्णिमेच्या सुमारास, चांदण्यात घरी परतता यावे म्हणून, ते जमत आणि ह्यास्तव ‘लूनर सोसायटी’ म्हणून ओळखले जात. डार्विन त्याचा आधारस्तंभ, आणि विदरिंगही पुढे त्यात आला. म्हणजे पहा, दोघांचे संबंध वडील बंधू आणि धाकटा बंधू अशासारखे.

ह्याच १७७५ साली विदरिंगकडे कोणीतरी एक घरगुती काढा मत विचारावयास आणला. श्रॉपशायर परगण्यात एक म्हातारी होती. अंगात पाणी होण्याच्या रोगावर तिचे एक औषध होते, आणि ते तिने वर्षानुवर्षे गुप्त ठेवले होते. मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकले असे काही रोगी ह्या बाईच्या काढ्याने बरे झाल्याची बोलवा होती. आपल्याकडे आजीबाईचा बटवा असतो, तसलाच हा प्रकार. दुसरा कोणी पदवीधर असता तर नाक मुरडून मोकळा झाला असता. विदरिंगने तसे केले नाही. त्याने काढ्यातल्या जिनसा पाहिल्या. वीस किंवा अधिक वनस्पती त्यात होत्या. परंतु वनस्पतिशास्त्राचा अभ्यास आता कामास आला. ह्या गर्दीत खरे काम करणारी वनस्पती एकच असू शकते, आणि ती म्हणजे फॉक्सग्लव्ह, हे त्याने तत्काळ ओळखले.

ही वनस्पती आपल्या देशावरच्या उन्हात वाढत नाही, म्हणून थोडे वर्णन करतो. पुरुषभर उंचीचा सरळ दांडा, आणि त्याला एका बाजूने ओळीने लोंबणारी जांभळट फुले. फुलाचा आकार आपल्या तिळाच्या फुलासारखा, पण बराच मोठा, आतून ठिपके. बोटात घालावे असे ते फूल. म्हणून फुक्स नावाच्या जर्मन पंडिताने १५४२ साली तिचे लॅटिन नाव ठेवले डिजिटॅलिस, म्हणजे बोटासंबंधीची. झाड सुंदर, पण विषारी. आपल्या अंगणातील पिवळ्या कण्हेरीत जे विष आहे, त्याच कुळीचे हिच्यातले विष. कण्हेरीचे बी पोटात गेले म्हणजे माणसाचे हृदय कसे बंद पडते, हे खेडोपाडी सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा विदरिंगच्या हाती जे लागले होते ते औषध की विष, हे ठरणार होते केवळ मात्रेवर.

विदरिंग गोरगरिबांना दररोज एक तास फुकट तपासत असे. वर्षाला दोन-तीन हजार रोगी होत. त्यांपैकी काहींना त्याने ही पाने देऊन पाहिली. त्याच्या नोंदवहीतील पहिला रोगी १७७५ च्या डिसेंबरातला आहे. पन्नाशीचा माणूस, पूर्वी घरे बांधण्याचा धंदा करणारा, आता परिस्थिती खालावलेला. धाप लागलेली, पोट पाण्याने फुगलेले. काढा दिल्यावर त्याला दिवसेंदिवस मळमळ होत राहिली, पण लघवी भरपूर झाली, पोट उतरले, आणि दहाएक दिवसांत माणूस भुकेने जेवू लागला. मात्र आरंभी आपण मात्रा फारच मोठी देत होतो आणि फार वेळ देत राहत होतो, हे विदरिंगने पुढे स्वतःच स्वच्छ लिहून ठेवले आहे. मध्यंतरी त्याचा उत्साह थोडा ओसरलाही होता. पण बर्मिंगहॅमच्या डॉक्टर ॲशने त्याला एक बातमी दिली. ऑक्सफर्डच्या एका कॉलेजचे प्रमुख, ज्यांना छातीत पाणी झाले होते आणि ज्यांची आशा नामांकित वैद्यांनी सोडली होती, ते ह्याच झाडाच्या मुळीने बरे झाले. विदरिंगने पुन्हा प्रयोग हाती घेतले.

आता आपण १७७६ च्या जुलै महिन्यात येऊ.

रोगी होती चाळीस-पन्नास वर्षांची एक बाई. विदरिंगने ग्रंथात तिचे पूर्ण नाव दिलेले नाही. केवळ ‘मिसेस एच.’ असे आद्याक्षर दिले आहे. काही आठवड्यांपूर्वी तिला थंडी वाजून ताप आला, डाव्या कुशीत कळ, धाप, सतत खोकला. उपचार डार्विनचे होते. त्याने आपल्या पोतडीत होते नव्हते ते सारे करून पाहिले. वांती करविण्यासाठी इपिकॅकची मात्रा पंधरा ग्रेनपासून वाढवीत वाढवीत चाळीस ग्रेनपर्यंत नेली. शेवटी शेवटी तर एवढ्या औषधानेही तिला उलटी होईना. पायांना चिरा देऊन पाणी काढावे असेही सुचविले गेले, पण ते मान्य झाले नाही. तेव्हा डार्विनबरोबर विचारविनिमय करण्यासाठी विदरिंगला बोलावण्यात आले.

त्याने जे पाहिले ते असे. बाई गुदमरण्याच्या बेतात. नाडी अतिशय क्षीण आणि अनियमित. चेहरा ओढलेला, हात शिशाच्या रंगाचे, थंडगार आणि घामाने चिकट. आडवे होता येत नाही. पोट, मांड्या, पाय सुजून गेलेले. लघवी एका वेळी चमचाभर, तीही क्वचित.

बंधूंनो, आजचा कोणताही डॉक्टर हे वर्णन वाचून सांगेल, की ह्या बाईचे हृदय थकले होते. हृदय रक्त पुढे रेटू शकत नाही, म्हणून ते मागे तुंबते. मूत्रपिंडांना पुरेसा पुरवठा होत नाही, म्हणून पाणी बाहेर पडत नाही. ते पायांत, पोटात, फुप्फुसांत साठते. पण त्या दोघांना हे ठाऊक नव्हते. त्यांच्या दृष्टीने रोग एकच, अंगातले पाणी.

विदरिंगला एकच औषध सुचत होते, आणि ते सांगावयास त्याची जीभ रेटेना! त्याची अडचण त्याने मोठ्या प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. बाई वाचण्याची आशा थोडी. औषध दिले आणि ती गेली, तर जे औषध पुढे हजारोंच्या उपयोगी पडेल ते आरंभीच बदनाम होईल. शिवाय, दुसऱ्या कोणाही पदवीधराचा ज्याला पाठिंबा नाही असे औषध दिल्याबद्दल स्वतःची छी थू होईल ती वेगळीच. एका पारड्यात औषधाचे भवितव्य आणि स्वतःचे नाव. दुसऱ्या पारड्यात एका बाईचा प्राण. पारडे थोडा वेळ हलले असेल. पण अखेर बाईच्या बाजूला झुकले. त्याने फॉक्सग्लव्हचे नाव काढले.

आणि येथे डार्विनची थोरवी दिसते. त्याने ते औषध पूर्वी कोणाला दिलेले पाहिलेच नव्हते. तो वयाने मोठा, नावाने मोठा, रोगी त्याचा. मला ठाऊक नसलेले औषध ते काय, असे म्हणून तो ते सहज उडवून लावू शकला असता. त्याने तसे केले नाही. अत्यंत सौजन्याने तत्काळ रुकार दिला, आणि औषध कसे करावे, किती द्यावे, हे सारे विदरिंगवर सोपविले. हिरव्या ताज्या पानांचा काढा झाला. त्यात जायफळाचा अर्क मिसळला गेला. दर दोन तासांनी एक घोट द्यावयाचे ठरले. बाईने पाच घोट घेतले. तिला जबर मळमळ झाली. पण पहिल्या चोवीस तासांत आठ क्वार्टांहून अधिक, म्हणजे आपल्या मापाने सात लिटरांच्याही वर, लघवी झाली! दाब उतरला, श्वास मोकळा झाला, नाडी भरीव आणि पुष्कळशी नियमित झाली, पायांची सूज ओसरली. त्यानंतरची औषधे डार्विनने सुचविली आणि त्यांना विदरिंगने संमती दिली. ऑगस्ट उजाडला तेव्हा बाईच्या अंगात पाण्याची खूण राहिली नव्हती. ह्या एका रोग्यापासून श्रॉपशायरच्या त्या भागात हे औषध सर्रास वापरले जाऊ लागले. जेथील म्हातारीच्या मडक्यातून ते निघाले होते, त्याच परगण्यात ते पदवीधरांच्या हातून परत आले.

हे असे का घडले, ह्याचा उलगडा पुढच्या दोन शतकांत होत गेला. ह्या पानांतील द्रव्य हृदयाच्या स्नायूंच्या पेशींतून सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा मंदावते. त्यामुळे पेशींत कॅल्शियम वाढते आणि स्नायू अधिक जोराने आकुंचन पावतो. शिवाय हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली येणाऱ्या आज्ञा ते थोड्या रोखून धरते, म्हणून सैरावैरा धावणारी नाडी संथ होते. हृदय सावरले की मूत्रपिंडे आपोआप सावरतात. विदरिंग ह्याला मुख्यतः लघवी साफ करणारे औषध समजत होता. तरीही हृदयाच्या गतीवर ह्याची जेवढी सत्ता चालते तेवढी दुसऱ्या कोणत्याही औषधाची पाहिलेली नाही, असे त्याने नोंदवून ठेवले. डोळे उघडे ठेवून पाहणारा माणूस, उपपत्ती अपुरी असली तरी, किती दूरवर पोचतो ह्याचे हे उदाहरण आहे.

येथे गोष्ट संपली असती, तर ती गोड गोष्ट झाली असती. परंतु ती संपत नाही.

डार्विनचा चार्ल्स नावाचा एक अत्यंत हुशार मुलगा एडिंबरोस वैद्यक शिकत होता. पुढे प्रसिद्धीस आलेल्या चार्ल्सचा हा चुलता. तो १७७८ साली, ऐन विशीच्या उंबरठ्यावर वारला. दुःखी बापाने मुलाचे प्रबंध १७८० साली छापून काढले, आणि त्यांना जोडून फॉक्सग्लव्हने बरे झालेल्या रोग्यांच्या हकीगती दिल्या. त्यांत अग्रभागी हीच बाई होती. औषध कोणी सुचविले, काढा कोणी ठरविला, मात्रा कोणी सांगितली, ह्याचा तेथे उल्लेख नाही. विदरिंगचे नाव नाही!

विदरिंगचा ग्रंथ आला तो पाच वर्षांनी, १७८५ साली. दहा वर्षांच्या अनुभवाचे ते सार होते. तोपर्यंत औषधाची ख्याती पसरली होती, आणि लोक ते वाटेल तसे, वाटेल तेवढे देऊ लागले होते. अशाने माणसे मरतील आणि एक उत्तम औषध फुकट टाकून दिले जाईल, ह्या भीतीने त्याने लेखणी उचलली. ह्या ग्रंथाचे थोरपण दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे, निवडक यशस्वी रोगी सांगून वाहवा मिळविणे सोपे होते. पण सत्याला आणि शास्त्राला ते मान्य झाले नसते, अशी त्याची भूमिका. म्हणून ज्याला ज्याला आपण हे औषध दिले त्या सर्वांच्या हकीगती त्याने दिल्या. योग्य असोत, अयोग्य असोत, यश असो, अपयश असो. दीडशेहून अधिक रोगी त्यात आहेत. अमुक मेला, तमुकाला गुण आला नाही, हे स्वच्छ छापलेले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे मात्रा. फुलण्याच्या सुमारास पाने खुडावी, वाळवून चूर्ण करावे, एक ते तीन ग्रेन दिवसातून दोनदा द्यावे. मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी ह्यांपैकी कशावरही परिणाम दिसेपर्यंत द्यावे, आणि ह्यांतला कोणताही एक परिणाम दिसताच थांबवावे. अधिक झाले तर उलट्या होतात, वस्तू हिरव्या-पिवळ्या दिसू लागतात, नाडी मिनिटाला पस्तिसापर्यंत खाली येते, आणि माणूस मरतो. म्हातारीच्या मडक्यातले गूढ अशा रीतीने मोजमापात आले.

आणि त्याच ग्रंथात मिसेस एच. ह्यांची हकीगतही आहे. डार्विनचे नाव घेऊन, त्याने दाखविलेल्या सौजन्याचा उल्लेख करून. ग्रंथाच्या अखेरीस इतर वैद्यांकडून आलेली पत्रेही छापलेली आहेत, ज्याची त्याच्या नावाने. ज्याच्याकडून जे घेतले ते त्याच्या खाती जमा. म्हातारीचे नाव मात्र नाही. तेवढी ऋणाची ओळ कोरी राहिली. तिचे नाव ‘मदर हटन’ असे पुष्कळ पुस्तकांत सापडते, परंतु ते विदरिंगच्या ग्रंथात नाही. ते विसाव्या शतकात, १९२८ च्या सुमारास, एका अमेरिकन औषध कंपनीच्या जाहिरातीतील चित्रातून जन्माला आले. ज्यांनी नाव द्यावयाचे त्यांनी दिले नाही म्हणजे पुढे जाहिरातदार देतात!

दोघांचा स्नेह तुटला तो तुटलाच. १७८८-८९ च्या सुमारास डार्विनचा दुसरा मुलगा रॉबर्ट आणि विदरिंग ह्यांच्यात एका रोग्याच्या उपचारांवरून पत्रयुद्ध झाले, आणि ती पत्रे छापून चव्हाट्यावर आली. पौर्णिमेच्या चांदण्यातून एका रस्त्याने परतणारी माणसे ही!

आता आपण डार्विनला गुन्हेगार ठरवावे काय? मी तसे करणार नाही. जुलै १७७६ मध्ये त्याने जे केले, ते वैद्याच्या धर्माला शोभेसे होते. त्याने मान लवविली म्हणून ती बाई जगली. परंतु १७८० मध्ये त्याने जे केले, ते त्या पहिल्या पुण्याला उणेपण आणणारे होते. विचारण्याचे धैर्य त्याला होते. विचारले होते असे सांगण्याचे धैर्य मात्र पुरले नाही. आणि मला आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे ते हेच, की विचारणे आणि विचारल्याची कबुली देणे ही दोन्ही मिळून एक कृती होते. पहिली अर्धी रोग्याला वाचविते. दुसरी अर्धी शास्त्राला वाचविते. कारण औषध कोठून आले हे कळले नाही, तर त्याची मात्रा कोणाला विचारावयाची, त्याचे धोके कोणाला ठाऊक आहेत, हेही कळेनासे होते. ऋण बुडविले की त्याबरोबर अनुभवही बुडतो.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. चरकसंहितेच्या आरंभीच सांगितले आहे, की वनस्पतींची नावे आणि रूपे रानात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी लोक जाणतात. मात्र त्यांचा योग्य उपयोग जाणणारा तो वैद्य. म्हातारी आणि विदरिंग ह्यांची कामे चरकाने किती आधी वाटून ठेवली आहेत पहा! त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात वैद्याने आपल्या शास्त्राच्या जाणकारांशी संभाषण करावे, असे सांगून त्या संभाषणाचे दोन प्रकार दिले आहेत. एक मिळून मिसळून, स्नेहाने करावयाचे; दुसरे कुरघोडीने, भांडून करावयाचे. डार्विन आणि विदरिंग ह्यांच्या आयुष्यात दोन्ही प्रकार झाले. पहिल्यातून एक प्राण वाचला. दुसऱ्यातून चोपडी निघाली.

आज ह्या औषधाची स्थिती काय, असे आपण विचाराल. १९३० साली सिडनी स्मिथ ह्या रसायनशास्त्रज्ञाने फॉक्सग्लव्हच्याच दुसऱ्या, लोकरी पानांच्या जातीतून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले, आणि पानांच्या चुर्णाची जागा बारीकशा गोळीने घेतली. हृदयाच्या दुर्बलतेवर आता दुसरी अधिक गुणकारी औषधे आली आहेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या, ६,८०० रोग्यांवरील एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की डिगॉक्सिनने मृत्यूंचे प्रमाण घटत नाही, परंतु हृदयाच्या दुर्बलतेमुळे रुग्णालयात दाखल होण्याच्या पाळ्या कमी होतात. तेव्हा त्याचा मान थोडा उतरला आहे, पण ते कपाटातून गेलेले नाही. आणि मात्रेच्या बाबतीत विदरिंगने दिलेला इशारा आजही अक्षरशः खरा आहे. ह्या औषधात गुण आणि घात ह्यांच्यामधली वाट फार अरुंद असते.

विदरिंग स्वतः छातीच्या विकाराने झिजत १७९९ साली वारला. त्याच्या स्मारकशिलेवर फॉक्सग्लव्हचे फूल कोरलेले आहे.

शेवटी एक गोष्ट, जी ह्या सभागृहातील प्रत्येकाच्या घरापर्यंत पोचते. आपल्याकडे रोग हटेनासा झाला, की घरातली माणसे आपसांत कुजबुजतात, ‘दुसऱ्या कोणाला दाखवावे का? पण डॉक्टरसाहेबांना काय वाटेल?’ आणि केवळ ह्या भिडेपायी दिवस जातात. काही जण गुपचूप दुसरीकडे जातात. मग ह्या डॉक्टरला त्याचे औषध ठाऊक नाही, आणि त्याला ह्याचे नाही. ही चोरटी सल्लामसलत सर्वांत घातक. डार्विनच्या वेळी दोघे वैद्य एकाच पलंगाशी समोरासमोर उभे होते, काय दिले आणि काय लागू पडले नाही हे एकाने दुसऱ्याला सांगितले होते, म्हणून पाच घोटांत काम झाले. तेव्हा ज्या डॉक्टरवर आपला विश्वास आहे, त्यालाच सरळ विचारावे, ‘आणखी कोणाचे मत घेऊ या का?’ जो चांगला आहे त्याला ह्याचा राग येणार नाही. तो स्वतःच चिठ्ठी लिहून देईल. आणि जे डॉक्टर येथे बसले आहेत, त्यांना एवढीच विनंती, की रोगी बरा झाला म्हणजे कोणाच्या सांगण्याने झाला, तेही त्या घरी सांगावे. सांगितल्याने आपल्या नावाला काही तूट येत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडातील एक थोर पुरुष तेवढे सांगावयाचे राहून गेला, आणि त्याच्या एवढ्या मोठ्या कीर्तीत ती एक फट अजून दिसते आहे.